नवा स्टिरिओ आणि गाडीचा मूळ यूएसबी पोर्ट

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात गाडीच्या स्टिरिओसंबंधी तीन पत्रे आली आहेत. बाजारातून नवा स्टिरिओ बसवला आणि त्याच दिवसापासून कंपनीने दिलेला यूएसबी पोर्ट बंद पडला किंवा अर्धवट चालू लागला, अशी तिघांचीही अडचण आहे. पहिले पत्र सविस्तर असल्यामुळे त्याचे उत्तरही सविस्तर देत आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. आमच्याकडे २०१८ सालची लहान गाडी असून तिच्यात कंपनीचा साधा स्टिरिओ होता. गियरच्या पुढे, फोन ठेवण्याच्या कप्प्यात, एक यूएसबी पोर्ट आणि त्याच्या शेजारी ऑक्सची, म्हणजे आवाजाची वायर जोडण्याची, जागा आहे. आम्ही दोघे वर्षातून तीन-चार वेळा मुलीकडे पुण्याला गाडीने जातो. वाटेत नकाशा मोठ्या पडद्यावर दिसावा म्हणून मुलाने ९ इंची अँड्रॉइड स्टिरिओ घेऊन दिला. शहरातल्या एका दुकानात तो बसवताना तिथल्या मिस्त्रींनी सांगितले, की समोरचा पोर्ट आता चालणार नाही, नव्या स्टिरिओची यूएसबी वायर ग्लोव्ह बॉक्समधून काढून देतो. तसे केले आहे. आता फोन ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावा लागतो, त्याच्या झाकणात वायर चिमटते, आणि समोरचा पोर्ट नुसता पडून आहे. तो पुन्हा चालू करता येईल का? त्यासाठी गाडीची वायर कापावी लागेल का? यजमानांना वायर कापणे अजिबात मान्य नाही.

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे योग्य आहे आणि आपण त्यावर ठाम राहावे. आपण वर्णन केलेल्या प्रकारच्या गाडीत मूळ पोर्ट बहुतेक वेळा पुन्हा चालू करता येतो आणि त्यासाठी गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. मिस्त्रींनी सांगितले ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. नव्या स्टिरिओच्या पेटीत मिळालेल्या वायरींनी तो पोर्ट चालणार नाही, इतकेच त्यांच्या सांगण्यात खरे होते. मधला एक लहानसा तुकडा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो तुमच्याच गाडीसाठी बनलेला असावा लागतो.

कप्प्यात दिसणारा यूएसबी पोर्ट हे एका वायरीचे केवळ टोक असते. वायरीचे दुसरे टोक डॅशबोर्डच्या आतून जुन्या स्टिरिओच्या पाठीला जात होते आणि तिथे ते एका कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडणीत, बसलेले होते. पोर्टला लागणारे ५ व्होल्ट जुना स्टिरिओच पुरवत होता आणि पेन ड्राइव्हमधील गाणी वाचण्याचे कामही तोच करत होता. स्टिरिओ काढला तेव्हा हे टोक मोकळे झाले. नव्या स्टिरिओची यूएसबी वायर घरातल्या चार्जरसारख्या रुंद, चपट्या सॉकेटने संपते, तर गाडीतले टोक कंपनीच्या स्वतःच्या आकाराच्या कपलरने संपते. दोन्ही टोके एकमेकांत बसत नाहीत, म्हणून मिस्त्रींनी ग्लोव्ह बॉक्सचा मार्ग धरला. तुमच्या गाडीचे मोकळे टोक बहुधा आजही डॅशबोर्डमध्ये, नव्या स्टिरिओच्या मागे, लोंबत असेल.

या कपलरचा आकार कंपनीगणिक बदलतो. पुष्कळ जपानी गाड्यांत नखाएवढा पांढरा, चार पिनांचा प्लास्टिकचा कपलर सापडतो. काही गाड्यांत यूएसबी आणि ऑक्स दोन्ही एकाच मोठ्या कपलरमध्ये येतात. अनेक युरोपीय गाड्यांत एचएसडी नावाची, धातूचे कवच असलेली आणि खटक्याने बसणारी जोडणी असते. एवढेच नव्हे, तर एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या आवृत्तीत, किंवा लागोपाठच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही फरक आढळतो. म्हणून हा मधला तुकडा, म्हणजे अडॅप्टर, घेताना गाडीचे नाव आणि वर्ष सांगून थांबू नये. जुन्या स्टिरिओच्या पाठीचे आणि मोकळ्या कपलरचे छायाचित्र काढावे, पिना मोजाव्यात आणि ते चित्र दुकानदाराला दाखवावे. अमेरिकेत मेट्रा आणि पॅक या कंपन्या असे अडॅप्टर मॉडेलनिहाय बनवून विकतात. आपल्याकडे ते ‘ओईएम यूएसबी अडॅप्टर’ किंवा नुसते ‘यूएसबी कपलर’ या नावाने ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतात. त्याच्या एका बाजूला गाडीचा कपलर बसतो आणि दुसऱ्या बाजूला साधा यूएसबी प्लग असतो, जो नव्या स्टिरिओच्या यूएसबी वायरीत सरळ खोवायचा. उद्या गाडी विकायची झाली किंवा जुना स्टिरिओ परत बसवायचा झाला, तर अडॅप्टर काढून घेतला की सर्व पूर्ववत होते.

मात्र अडॅप्टर मागवण्यापूर्वी एक तपासणी आवर्जून करावी, कारण सगळेच मूळ पोर्ट आतून सारखे नसतात. काही पोर्ट म्हणजे फक्त चार वायरी आणि सॉकेट असतात. काहींच्या मागे एक इलेक्ट्रॉनिक सर्किट, म्हणजे एका वाटेचे अनेक पोर्ट करणारा यूएसबी हब, बसवलेले असते. आणि काही पोर्ट निव्वळ चार्जिंगसाठी असतात. ते गाडीच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर स्वतंत्र चालतात, त्यांचा स्टिरिओशी संबंधच नसतो. तुमचा पोर्ट स्टिरिओ बदलल्याबरोबर मेला, त्याअर्थी तो तिसऱ्या प्रकारचा नाही. उरलेल्या दोहोंत कोणता, हे मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट आणि जोडणी तपासणाऱ्या लहान यंत्राने, दहा मिनिटांत कळते. हे काम शांत डोक्याचा कोणताही मिस्त्री करू शकेल. तुमच्या मुलाला हौस असेल तर तोही करू शकेल, साधा मल्टिमीटर महाराणी रोडवर सहज मिळतो.

एक जुनी, टाकाऊ यूएसबी वायर घ्यावी आणि तिचे फोनकडचे टोक कापून टाकावे. आत चार बारीक तारा दिसतील. सर्वसाधारणपणे लाल तार ५ व्होल्टची, काळी अर्थची, आणि पांढरी व हिरवी या माहितीच्या तारा असतात. स्वस्त वायरींत रंगांवर विश्वास ठेवू नये, म्हणून प्रत्येक तार प्लगच्या कोणत्या पट्टीला जाते हे आधी मीटरने पाहून घ्यावे. यूएसबी प्लगच्या आत चार सोनेरी पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. त्यांपैकी कडेच्या दोन किंचित लांब असतात, त्या वीजपुरवठ्याच्या, आणि आतल्या दोन आखूड असतात, त्या माहितीच्या. कडेच्या पट्ट्या लांब ठेवण्यामागे हेतू आहे. प्लग खोवताना आधी वीज जोडली जावी आणि माहितीची वाट नंतर उघडावी, अशी ही रचना आहे. आता हा प्लग गाडीच्या बंद पोर्टमध्ये बसवावा, मीटर बीप वाजण्याच्या खुणेवर ठेवावा (दोन ठिकाणे आतून जोडलेली असली की तो वाजतो), आणि मीटरचे एक टोक एकेका उघड्या तारेला लावून दुसरे टोक डॅशबोर्डमागच्या मोकळ्या कपलरच्या प्रत्येक पिनेला टेकवून पाहावे. चारही तारांना प्रत्येकी एकेक पिन सापडली, तर तुमचा पोर्ट साधा आहे. कोणती पिन कोणत्या तारेची, ते कागदावर लिहून ठेवावे. फक्त काळ्या तारेला बीप आला आणि पांढऱ्या-हिरव्या तारा कशालाच लागल्या नाहीत, तर मध्ये हब आहे असे समजावे. त्याविषयी पुढच्या प्रश्नात लिहिले आहे.

ही तपासणी गाडीची चावी काढून आणि बॅटरीची ऋण बाजू सोडवून काही मिनिटे थांबल्यावरच करावी. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले, तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना मीटर लावू नये, हातही लावू नये.

कागदावर पिना लिहून ठेवण्याचा आग्रह मी धरतो, कारण कंपनीच्या हार्नेसमधील, म्हणजे गाडीतल्या मूळ वायरींच्या जुडग्यातील, तारांचे रंग यूएसबीच्या नेहमीच्या रंगांशी जुळतीलच असे नाही. तिथे पांढरी तार अर्थची असू शकते आणि हिरवी ५ व्होल्टची. रंगाला रंग जोडून मोकळे होणाऱ्या माणसाच्या हातून फोन जळू शकतो. पांढरी-हिरवी उलट लागली, तर फोन ओळखला जात नाही, एवढ्यावरच निभावते. लाल आणि काळी उलट लागली, किंवा शेजारची १२ व्होल्टची तार चुकून ५ व्होल्टच्या जागी गेली, तर जे उपकरण जोडाल ते गेलेच. तयार अडॅप्टर आणला तरी त्याच्या पिना आपल्या कागदाशी ताडून पाहाव्यात. दिसायला अगदी सारख्या कपलरमध्ये पिनांचा क्रम वेगळा असू शकतो.

अडॅप्टर बसल्यावर लगेच फोन जोडू नये. बॅटरी पुन्हा जोडून स्टिरिओ चालू करावा आणि त्याच टाकाऊ वायरीच्या लाल-काळ्या टोकांवर मीटरने व्होल्ट मोजावेत. आकडा ५ च्या आसपास आला पाहिजे, यूएसबीच्या नियमानुसार चांगल्या पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असावेत. आकड्यापुढे उणे चिन्ह आले, तर तारा उलट आहेत. मग एखादा जुना पेन ड्राइव्ह, ज्यातली गाणी गेली तरी हळहळ वाटणार नाही असा, लावून पाहावा. तो वाजला की फोन लावावा.

वायर कापू नये यावर मी इतका भर का देतो, त्यामागे माझाच अनुभव आहे. माझ्या गाडीत पाच वर्षांपूर्वी स्टिरिओ बदलला, तेव्हा घाईत होतो म्हणून ‘कापून जोडून देतो’ या म्हणण्याला मान डोलावली. पोर्ट चालू झाला, गाणी वाजली, मीही विसरून गेलो. पुढच्या मे महिन्यात धुळ्याकडे जाताना बिजासन घाटात चढावर पडद्यावरचा नकाशा गेला, आला, पुन्हा गेला. फोनवर चार्जिंगची खूण मिनिटामिनिटाला उमटत होती आणि त्या आवाजाने गाडीतली सगळी माणसे अस्वस्थ झाली होती. इंदूरला परतल्यावर स्टिरिओ बाहेर ओढला. चारही तारा दातांनी सोलल्यासारख्या सोललेल्या, दोन-दोन वेळा पिळलेल्या, आणि सगळ्यांवर मिळून एकच काळी टेप गुंडाळलेली होती. उन्हाने टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटत होता, टेप स्वतः सुटून नळीसारखी मोकळी झाली होती, आणि वायरीच्या जाळीदार आवरणाचा एक केसासारखा धागा लाल तारेपाशी जाऊन टेकत होता. मध्ये घातलेली वायरही बारीक होती. फोन चार्ज होत असताना पोर्टवर मीटरने ४.२ व्होल्ट दाखवले.

हा ४.२ चा आकडा कसा येतो, हे समजून घेतले तर पुढचे बरेच त्रास टळतात. अमेरिकन मापाप्रमाणे २८ गेजच्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. स्टिरिओपासून पोर्टपर्यंत दीड मीटर आणि पुढे फोनची एक मीटर, अशी अडीच मीटर वायर धरली, तर वीज जाते आणि परत येते म्हणून प्रत्यक्षात ५ मीटर तार मोजावी लागते. तिचा रोध १ ओहमहून थोडा अधिक होतो. फोन १ अँपिअर घेऊ लागला, की तेवढ्यात १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि फोनपाशी जेमतेम ४ व्होल्ट उरतात. तीच वायर २४ गेजची असेल, तर वाटेत साधारण ०.४ व्होल्टच जातो. या पद्धतीत गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवावे. चांगल्या वायरीवर कधी कधी ‘२८’ आणि ‘२४’ असे दोन्ही आकडे छापलेले असतात. त्याचा अर्थ माहितीच्या तारा बारीक आणि विजेच्या जाड आहेत, आणि आपल्याला अशीच वायर हवी असते.

माहितीच्या दोन तारांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतून वीज नगण्य वाहते, म्हणून तिथे जाडीचे महत्त्व कमी, पण रचनेचे फार आहे. २००० साली आलेल्या यूएसबी २.० या मानकाप्रमाणे या जोडीतून सेकंदाला ४८ कोटी बिटांपर्यंत माहिती जाते, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सुमारे २ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात संदेश तारेतून जेमतेम ४० सेंटिमीटर सरकतो. अशा वेगाला दोन्ही तारा एकमेकींभोवती सारख्या पिळलेल्या राहाव्या लागतात आणि त्यांच्यावरील जाळीचे आवरण अखंड असावे लागते. पिळलेला सांधा आणि त्यापुढे चार बोटे उघड्या, फाकलेल्या तारा, एवढ्यानेही संदेश अडखळतो. गाणी वाजवण्यासाठी अत्यंत कमी माहिती लागते, म्हणून सदोष जोडणीवरही पेन ड्राइव्ह सुखाने वाजत राहतो आणि मिस्त्री ‘पाहा, चालतंय’ म्हणून मोकळे होतात. नकाशाचे चित्र मात्र सतत फोनमधून पडद्याकडे वाहत असते, आणि दोष तिथे उघडा पडतो. म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी गाण्यांवर समाधान मानू नये. नकाशा लावून, फोन चार्ज होत असताना, पंधरा-वीस मिनिटे गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणावी. एकूण वायरीची लांबी, म्हणजे स्टिरिओची, अडॅप्टरची, गाडीतली आणि फोनची मिळून, ५ मीटरच्या बरीच आत राहील असे पाहावे. ५ मीटर ही यूएसबी २.० ची कमाल मर्यादा आहे.

माझ्या गाडीत मी तो सांधा पूर्ण काढून टाकला आणि तयार अडॅप्टर मागवला. कापलेल्या ठिकाणी हार्नेसच्या तारा मात्र जोडाव्याच लागल्या. प्रत्येक तार सोल्डर करून तिच्यावर स्वतंत्र हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवली, सांधे एकमेकांसमोर न येता पुढे-मागे राहतील असे ठेवले, आणि जाळीचे आवरणही वरून जोडून घेतले. त्यानंतर चार उन्हाळे गेले, तक्रार नाही. पण कापलेच नसते, तर ती संध्याकाळ यात गेली नसती.

तुमच्या नव्या स्टिरिओच्या पाठीला बहुधा दोन यूएसबी वायरी असतील. अनेक अँड्रॉइड स्टिरिओंत फोनचा पडदा दाखवण्याची सोय त्यांपैकी एकाच वायरीवर चालते. मॅन्युअलमध्ये पाहून मूळ पोर्टला तीच वायर द्यावी आणि दुसरी ग्लोव्ह बॉक्समध्ये पेन ड्राइव्हसाठी राहू द्यावी. ऑक्सची जागाही वाचवायची असेल, तर यूएसबी आणि ऑक्स दोन्ही देणारा अडॅप्टर मागावा. त्याच्या लाल-पांढऱ्या टोकांना स्टिरिओच्या ऑक्स इनपुटमध्ये जागा असते.

तुमच्या गाडीसाठी अडॅप्टर मिळालाच नाही, तरीही कापण्याची वेळ येत नाही. डॅशबोर्डवर रिकाम्या स्विचच्या जागी जे कोरे झाकण असते, नेमके तेवढ्याच आकाराचे यूएसबी सॉकेट अनेक गाड्यांसाठी मिळते. त्याच्या मागची वायर सरळ स्टिरिओला जाते. फोन समोर राहतो, झाकणात काही चिमटत नाही, आणि गाडीचा मूळ हार्नेस जसाच्या तसा राहतो. आधी अडॅप्टरचा प्रयत्न करावा आणि तो सापडला नाही तरच हा उपाय करावा, असे माझे मत आहे. गाडी अजून कंपनीच्या हमीत असती, तर मी आणखी एक गोष्ट सांगितली असती. कापलेला हार्नेस दिसला की विजेच्या कोणत्याही बिघाडाची हमी नाकारली जाण्याची शक्यता असते. तुमच्या २०१८ च्या गाडीला तो प्रश्न बहुधा उरलेला नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी महू येथे राहतो. माझ्या गाडीत दोन यूएसबी पोर्ट आहेत. नवा स्टिरिओ बसवताना तयार अडॅप्टर वापरला, काहीही कापले नाही. पेन ड्राइव्ह उत्तम वाजतो. सूनबाईंचा अँड्रॉइड फोन लावला की नकाशा पडद्यावर येतो. माझा आयफोन लावला की तो चार्ज होतो, पण कारप्ले, म्हणजे आयफोन गाडीच्या पडद्यावर दाखवण्याची सोय, सुरूच होत नाही. तोच आयफोन स्टिरिओच्या दुसऱ्या, मोकळ्या यूएसबी वायरीला लावला की कारप्ले लगेच येते. दोष फोनचा आहे की अडॅप्टरचा?

उत्तर : दोहोंचाही नाही. फोन मोकळ्या वायरीवर चालतो, म्हणजे फोन आणि स्टिरिओ निर्दोष आहेत. पेन ड्राइव्ह आणि अँड्रॉइड फोन मूळ पोर्टवर चालतात, म्हणजे अडॅप्टरची जोडणीही बरोबर आहे. तुमच्या गाडीत दोन पोर्टच्या मागे यूएसबी हब आहे आणि अडचण त्याच्या स्वभावात आहे. आपण लिहिलेली लक्षणे इतकी नेमकी आहेत, की गाडी न पाहताही हे पुष्कळ खात्रीने सांगता येते.

यूएसबीमध्ये एक बाजू यजमान असते आणि दुसरी पाहुणी. यजमान विचारतो आणि पाहुणा उत्तर देतो. पेन ड्राइव्ह नेहमी पाहुणा असतो. वायरने जोडलेल्या अँड्रॉइड ऑटोमध्येही, म्हणजे अँड्रॉइड फोनच्या तशाच सोयीत, फोन पाहुणाच राहतो आणि स्टिरिओ यजमान. ॲपलने २०१४ साली आणलेल्या कारप्लेची रीत निराळी आहे. वायरने जोडल्यावर सुरुवातीला स्टिरिओ यजमान असतो, मग दोघे ठरवून भूमिका बदलतात आणि आयफोन यजमान होतो. साध्या हबमध्ये यजमानाकडे जाणारी वाट एकच आणि ठरलेली असते. पाहुण्याच्या दाराने यजमान आत येऊ पाहतो, तेव्हा हब त्याला पुढे जाऊ देत नाही. फोन चार्ज होत राहतो, कारण वीजपुरवठ्याला भूमिकेशी काही देणे-घेणे नसते. कारप्लेसाठी बनवलेल्या गाड्यांत ही अदलाबदल करू देणारा खास हब असतो.

मोठ्या कंपन्यांनाही या गोष्टीने अडवले आहे. फोर्डच्या सिंक ३ प्रणालीच्या २०१६ सालच्या गाड्यांना सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर कारप्ले मिळू शकत होते, पण त्यासाठी गाडीतला यूएसबी हबही नव्या प्रकारचा बसवावा लागत असे. तेव्हा तुमच्या मिस्त्रींना दोष देऊ नये, त्यांनी काम नीट केले आहे.

उपाय दोन आहेत. पहिला, दोन पोर्टचा मूळ हब त्याच्या चौकटीसह बाहेर काढून त्या जागी हब नसलेले, तेवढ्याच आकाराचे सॉकेट बसवावे, म्हणजे आयफोनपासून स्टिरिओपर्यंत सरळ वाट मिळेल. मूळ हब जपून ठेवावा. दुसरा, स्टिरिओत वायरलेस कारप्लेची सोय असेल तर ती वापरावी. तेव्हा फोन आणि स्टिरिओ वाय-फायवर बोलतात आणि मूळ पोर्ट फक्त चार्जिंग करतो, जे काम तो आजही करत आहे. मी पहिला उपाय पसंत करेन. वायरलेसवर फोन तापतो, आणि मे महिन्यात विंडस्क्रीनच्या मागे ठेवलेला फोन आधीच तापलेला असतो. मात्र सूनबाईंचे आणि तुमचे एकाच वेळी दोन फोन लावायचे असतील, तर पहिल्या उपायात एक पोर्ट कमी होईल, याचा विचार करून ठरवावे. बाजारातला साधा हब आणून मूळ हबच्या जागी लावल्यास पैसे वाया जातील, अडचण जशीच्या तशी राहील.

प्रश्न : स्टिरिओ बदलल्यापासून मूळ पोर्टवर माझा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह वाचला जात नाही. जुन्या स्टिरिओवर १६ जीबीचा चालत असे. पोर्ट खराब झाला असेल का? – एक वाचक, देवास

उत्तर : आधी तो जुना १६ जीबीचा पेन ड्राइव्ह नव्या स्टिरिओला त्याच पोर्टवर लावून पाहावा. तो वाजला, तर पोर्ट आणि वायर ठीक आहेत. ३२ जीबीहून मोठे पेन ड्राइव्ह अनेकदा एक्सफॅट किंवा एनटीएफएस या फाइली साठवण्याच्या पद्धतींनी आखलेले येतात, आणि पुष्कळ स्टिरिओ फक्त फॅट३२ वाचतात. संगणकावर गुणधर्म उघडून पेन ड्राइव्हची पद्धत पाहावी. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीहून मोठ्या पेन ड्राइव्हसाठी फॅट३२ चा पर्याय सहसा दिसत नाही, म्हणून सर्वांत सोपे म्हणजे ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन तो फॅट३२ मध्ये आखावा आणि गाणी त्यावर उतरवावीत. फॉरमॅट केल्यावर आतले सर्व पुसले जाते, तेव्हा गाण्यांची प्रत आधी संगणकावर काढून ठेवावी.

१६ जीबीचाही वाजला नाही, तर पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पोर्टवरचे व्होल्ट मोजावेत आणि मोजताना पेन ड्राइव्हऐवजी चार्ज होत असलेला फोन जोडलेला असावा, कारण रिकाम्या पोर्टवर कमकुवत वायरही ५ व्होल्टच दाखवते.